कैद्याला दार उघडे, वैमानिकाला बंद : वॉल्टरबरोच्या धावपट्टीचा इतिहास

अमेरिकेतल्या वर्णभेदाचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा लिंकन, मार्टिन ल्यूथर किंग आणि ओबामा या तीन थांब्यांवर थांबते आणि तिथेच संपते. मधली स्टेशने कुणी पाहत नाही. खरा इतिहास बऱ्याचदा या लहान स्टेशनांवरच घडलेला असतो. अशाच एका ठिकाणाबद्दल आज लिहायचे आहे. ते ठिकाण म्हणजे एक लहानसा विमानतळ. मोठी प्रवासी विमाने तिथे उतरत नाहीत, जगाच्या नकाशावर त्याला कुणी शोधत नाही. पण १९४४-४५ मध्ये या धावपट्टीवर जे घडले, ते वाचल्यावर 'आमच्या देशाने हिटलरच्या वंशवादाविरुद्ध युद्ध केले' हे अमेरिकन वाक्य पूर्वीसारखे ऐकता येत नाही.

दक्षिणेकडच्या साउथ कॅरोलायना राज्यात कोलेटन नावाची कौंटी आहे. कौंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा समजा, आकाराने बराच लहान. तिचे मुख्य गाव वॉल्टरबरो, चार्ल्सटन बंदरापासून सुमारे ८० किलोमीटर आत. २०२३ मध्ये तिथल्या कोर्टात एका वकिलाविरुद्धचा खून खटला चालला आणि टीव्हीवाले महिनाभर तळ ठोकून होते, म्हणून काही वाचकांच्या कानावर नाव आले असेल. एरवी हा सगळा दलदलीचा, जुन्या भातशेतीचा प्रदेश. ती भातशेती कुणाच्या हातांनी उभी राहिली हे वेगळे सांगायला नको. आफ्रिकेतून साखळदंडात आणलेल्या माणसांनी दलदल उपसली, बांध घातले, आणि मालकांची नावे मात्र हवेल्यांवर लागली.

याच वॉल्टरबरोत १८२८ साली सभा भरवून गोऱ्या पुढाऱ्यांनी केंद्राचा कायदा राज्याने धुडकावावा, अशी उघड मागणी केली होती. निमित्त आयात कराचे होते, पण आज कराचा कायदा मोडता आला तरच उद्या गुलामगिरी वाचवता येईल, हा हिशेब त्यामागे होता. आणि याच कौंटीच्या सीमेवरून कॉम्बाही नदी वाहते. २ जून १८६३ च्या पहाटे, यादवी युद्ध चालू असताना, स्वतः गुलामगिरीतून निसटलेली हॅरिएट टबमन संघराज्याच्या सैनिकी बोटींना वाट दाखवत या नदीतून वर आली. बोटींवर काळे सैनिक होते. त्या एका मोहिमेत ७०० हून अधिक गुलाम मोकळे झाले. म्हणजे या मातीने गणवेशातला, बंदूक घेतलेला काळा माणूस १८६३ मध्येच पाहिला होता. पुढच्या ८० वर्षांत मात्र त्याला पुन्हा जागेवर बसवण्याचे काम पद्धतशीर चालले. १८९५ ची राज्यघटना तर काळ्यांचा मतदानाचा हक्क काढून घेण्यासाठीच लिहिली गेली.

आता विमानतळाकडे येऊ. तिसाच्या दशकात वॉल्टरबरोच्या कडेला हौशी वैमानिकांसाठी, छोट्या विमानांसाठी केलेले एक साधे मैदान होते. युद्धात उतरल्यावर अमेरिकी लष्कराला शेकडो धावपट्ट्या हव्या होत्या. हवामान उबदार, जमीन सपाट, समुद्र जवळ, जागा स्वस्त अशा ठिकाणची कितीतरी मैदाने लष्कराने घेतली. वॉल्टरबरो त्यातलेच एक. १९४२ मध्ये लष्कराने ते ताब्यात घेतले, जमीन वाढवली, काँक्रीटच्या धावपट्ट्या टाकल्या, बराकी, दारूगोळ्याची कोठारे, इस्पितळ उभे केले. कोलंबिया इथल्या मोठ्या तळाचा हा उपतळ. आधी इथे बी-२५ बॉम्बरवर गोऱ्या तुकड्यांचा सराव झाला. गावात पैसा आला, घरभाडी वाढली, दुकाने चालली. अशा वेळी लष्कर कुणालाच नको नसते.

१९४४ च्या वसंतात मात्र तळावर काळे वैमानिक येऊ लागले आणि गावाचे मत बदलले.

हे वैमानिक कोण, ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९२५ मध्ये अमेरिकी आर्मी वॉर कॉलेजने काळ्यांचा युद्धात कसा वापर करावा यावर एक अहवाल तयार केला. त्याचा निष्कर्ष असा, की काळा माणूस बुद्धीने कमी, भित्रा, जबाबदारी न पेलणारा, आणि म्हणून त्याला गोऱ्या अधिकाऱ्याखालीच ठेवावे. अहवालाला विज्ञानाचा मुलामा दिलेला होता. मेंदूच्या वजनाची भाषा होती. पुढची १५ वर्षे हवाई दलाने काळ्या उमेदवारांना दार उघडले नाही. कारण विचारले तर उत्तर तयार असे : आमच्याकडे काळे वैमानिक नाहीत, म्हणून काळ्यांची तुकडी नाही, आणि तुकडी नाही म्हणून त्यांना शिकवता येत नाही.

आपल्याला हा युक्तिवाद नवा नाही. १८१८ च्या कोरेगावात लढलेल्या महारांची भरती इंग्रजांनी १८९२ च्या सुमारास बंद केली, ती 'लढाऊ जमात' नावाच्या अशाच बनावट शास्त्राच्या आधारे. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा महारांची पलटण उभी केली आणि गरज संपल्यावर १९२१ मध्ये मोडून टाकली. पुन्हा महायुद्ध आले, बाबासाहेबांनी पाठपुरावा केला, तेव्हा ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. आधी बाहेर काढायचे, आणि मग बाहेर असण्यालाच नालायकीचा पुरावा ठरवायचे. ही पद्धत व्हाइट हॉलमध्येही होती आणि वॉशिंग्टनमध्येही. तुलना इथपर्यंतच ताणतो. जात आणि वर्ण एकच आहेत असे म्हणण्याची घाई काही मित्र करतात. स्वतः बाबासाहेबांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांतला फरक बारकाईने मांडला आहे. पण लष्कराचे दार कुणासाठी आणि केव्हा उघडते, या प्रश्नावर दोन्हीकडचे उत्तर फार जवळचे आहे.

तर १९४१ मध्ये, काळ्यांची वृत्तपत्रे, संघटना आणि निवडणुकीचे गणित यांच्या दबावाखाली, अलाबामातल्या टस्कीगी इथे काळ्या वैमानिकांचे प्रशिक्षण सुरू झाले. ७ मार्च १९४२ ला पहिल्या तुकडीतले ५ जण वैमानिक झाले. त्यांत बेंजामिन ओ. डेव्हिस ज्युनियर होते. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत चार वर्षे त्यांच्याशी एकही सहाध्यायी कामाशिवाय बोलला नव्हता. खोलीत एकटे, जेवणाच्या टेबलावर एकटे. बहिष्कार हा शब्द ज्याला कळतो त्याला ही चार वर्षे समजावून सांगावी लागणार नाहीत. युद्धखात्याचे नागरी सल्लागार, न्यायाधीश विल्यम हेस्टी यांनी तर हवाई दलाच्या या वेगळ्या चुलीच्या धोरणाला कंटाळून जानेवारी १९४३ मध्ये राजीनामा दिला.

वेगळ्या चुलीला खर्च येतो, हे आपले पुरोगामी मित्रही विसरतात. वंशभेद अन्यायकारक होता एवढे म्हणून भागत नाही. तो लष्कराच्या दृष्टीनेही मूर्खपणाचा होता, आणि वॉल्टरबरो हा त्याचा जिवंत पुरावा आहे. समजून घ्या, यंत्रणा कशी चालायची. टस्कीगीत उडायला शिकायचे आणि वैमानिकाचे पंख मिळवायचे. पण पंख मिळालेला माणूस लढाईला तयार नसतो. गोळीबार, झुंडीने उडणे, सूर मारून बॉम्ब टाकणे, शत्रूच्या विमानाशी झुंजणे हे सगळे त्याला आधी दुसऱ्या तळावर शिकावे लागते. गोऱ्या वैमानिकांसाठी असे तळ देशभर होते. काळ्या फायटर वैमानिकांसाठी वाट एकच, अरुंद. टस्कीगी, तिथून आधी मिशिगनमधले सेल्फ्रिज, आणि १९४४ पासून वॉल्टरबरो, मग बोटीने इटली. इथे पी-३९, पी-४०, पी-४७ या विमानांवर त्यांचा सराव होई. वॉल्टरबरोत एकूण ५०० हून अधिक काळ्या वैमानिकांनी हे शिक्षण घेतले असे स्थानिक इतिहास सांगतो.

या अरुंद वाटेचा परिणाम हजारो मैल दूर इटलीत दिसला. तिथे लढणाऱ्या ३३२ व्या फायटर ग्रुपच्या वैमानिकाची बदली करायची तर नवा माणूस काळाच हवा, आणि काळा माणूस फक्त याच वाटेने येणार. गोरा वैमानिक पन्नासेक मोहिमा झाल्या की घरी परतू शके. काळ्या वैमानिकांनी सत्तर आणि त्याहून अधिक मोहिमा केल्या, कारण त्यांच्या जागी यायला कुणी नव्हते. शेजारच्या टेबलावर बसू न देण्याची किंमत माणसाला वीस जास्तीच्या मोहिमांत, म्हणजे मरण्याच्या वीस जास्तीच्या संधींत मोजावी लागली. साउथ कॅरोलायनातल्या एखाद्या कॅन्टीनमधली पाटी आणि एड्रियाटिक समुद्रात कोसळणारे विमान यांचा संबंध असा सरळ आहे.

आता त्या पाटीबद्दल. तळावर काळ्यांसाठी वेगळ्या बराकी, वेगळा क्लब, कॅन्टीनमध्ये वेगळी बाजू, सिनेमागृहात वेगळ्या जागा. गावात तर विचारायलाच नको. आणि याच तळावर जर्मन युद्धकैद्यांची छावणीही होती. सुमारे २५० कैदी. उत्तर आफ्रिका आणि युरोपात पकडलेल्या जर्मन सैनिकांना अमेरिकेत आणून शेतांवर, कारखान्यांत, लष्करी तळांवर कामाला लावले जात होते. देशभरात त्यांची संख्या पावणेचार लाखांच्या आसपास गेली. दिवसाला ८० सेंट मजुरी. जिनिव्हा करारानुसार कैद्याचे जेवण आणि निवारा हे त्याला पकडणाऱ्या देशाच्या स्वतःच्या सैनिकाइतकेच असले पाहिजेत. करार उत्तम. पण 'स्वतःचा सैनिक' म्हणजे कोणता, हे प्रत्यक्षात दक्षिणेतल्या तळांवर ठरले. तो सैनिक गोरा होता. म्हणून गोऱ्या कैद्याला गोऱ्या सैनिकासारखी वागणूक मिळाली.

चार्ल्स ड्रायडन यांनी हे पाहिले. जमैकाहून आलेल्या आईबापांचा हा न्यूयॉर्कचा मुलगा. ९ जून १९४३ ला भूमध्य समुद्रातल्या पँटेलेरिया बेटावर शत्रूच्या विमानांशी पहिल्यांदा भिडलेल्या काळ्या वैमानिकांच्या तुकडीचे नेतृत्व त्यानेच केले होते. लढाईवरून परतल्यावर नव्या पोरांना शिकवण्यासाठी त्याला वॉल्टरबरोला पाठवले. तिथे, पाठीवर कैद्याची खूण असलेले जर्मन कॅन्टीनच्या 'फक्त गोऱ्यांसाठी' असलेल्या दारातून हसत-बोलत आत जाताना त्याने पाहिले. तो स्वतः अधिकारी, अंगावर गणवेश, नुकताच त्याच जर्मनांशी लढून आलेला, आणि त्याच्यासाठी दार दुसरे. पुढे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत त्याने हा प्रसंग लिहून ठेवला आहे.

मला इथे त्या जर्मन कैद्याचा विचार येतो. त्याला ती पाटी अनोळखी वाटली नसणार. १९३४ मध्ये नाझी कायदेपंडित ज्यूंविरुद्धच्या कायद्यांचा आराखडा करायला बसले, तेव्हा त्यांच्यासमोर अमेरिकेतल्या राज्यांचे आंतरवंशीय विवाहबंदीचे कायदे होते. त्यांनी ते अभ्यासले, त्यावर चर्चा केली. पुढच्याच वर्षी न्यूरेंबर्गचे कायदे आले. जेम्स व्हिटमन या कायद्याच्या प्राध्यापकाने २०१७ मध्ये यावर अख्खे पुस्तक लिहिले आहे. तेव्हा साउथ कॅरोलायनातल्या त्या दारावरची पाटी वाचायला जर्मन कैद्याला इंग्रजी यायची गरज नव्हती.

ड्रायडनच्या संतापाचा १९४४ मध्येच स्फोट झाला. सरावाच्या उड्डाणात त्याने वॉल्टरबरोवरून अगदी खालून विमान नेले. कोर्ट मार्शल झाले. शिक्षा बडतर्फीची. ती टिकली नाही, खटला पुन्हा चालला, शिक्षा सौम्य झाली आणि तो हवाई दलात राहिला. पुढे कोरियन युद्धातही लढला आणि १९६२ मध्ये लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झाला. खालून विमान नेणे हा गुन्हा होताच, त्याबद्दल वाद नाही. पोरसवदा वैमानिक सगळीकडेच असे करत. पण लष्कराचाच नियम तळाचे अधिकारी रोज मोडत होते, त्याबद्दल कुणाचे कोर्ट मार्शल झाले?

हो, नियम होता. आणि इथे 'तो काळच तसा होता' म्हणणाऱ्यांना थांबवावे लागते. हे वाक्य आपल्याकडेही फार लाडके आहे, पेशवाईपासून कालच्या गावकीपर्यंत कशालाही लावले जाते. युद्धखात्याने ८ जुलै १९४४ ला लेखी आदेश काढला होता : तळावरची दुकाने, वाहने, सिनेमागृहे यांत वंशावरून कुणाला अडवायचे नाही. त्याआधीच्या १९४० च्या लष्करी नियमानुसार तळावरच्या अधिकारी क्लबचे सदस्यत्व तळावरच्या सर्व अधिकाऱ्यांना खुले होते. म्हणजे कागदावर समता होती. काळ तसा नव्हता, तळ सांभाळणारी माणसे तशी होती. ती कागद वाचायला तयार नव्हती.

आणि बाहेरच्या राज्यात काय चालले होते? एप्रिल १९४४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टेक्सासच्या खटल्यात निकाल दिला, की पक्षाच्या उमेदवार-निवडीच्या प्राथमिक निवडणुकीतून काळ्यांना वगळता येणार नाही. दक्षिणेत तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षच जिंकणार हे ठरलेले, त्यामुळे खरी निवडणूक तीच. निकाल आल्यावर काही दिवसांतच साउथ कॅरोलायनाचे गव्हर्नर ओलिन जॉन्स्टन यांनी विधिमंडळाचे खास अधिवेशन बोलावले आणि प्राथमिक निवडणुकीसंबंधीचे झाडून सगळे कायदे रद्द केले. शंभराहून अधिक कायदे, आठवड्याभरात. हेतू हा, की पक्ष म्हणजे खासगी क्लब ठरावा आणि खासगी क्लबात कुणाला घ्यावे हे न्यायालयाने सांगू नये. काळे वैमानिक वॉल्टरबरोला उतरत होते तो हाच वसंत. एकीकडे लोकशाहीसाठी मरायला शिकायचे, आणि ज्या राज्यात ते शिकायचे त्याचे सरकार त्याच महिन्यात त्यांच्या भावंडांना मतपेटीपासून दूर ठेवण्यासाठी स्वतःचे कायदे जाळत होते.

'क्लब' हा शब्द लक्षात ठेवा, कारण पुढचा प्रसंग त्याच शब्दावर घडला. जागा दुसरी, इंडियाना राज्यातल्या सीमोर या छोट्या गावाजवळचा फ्रीमन फील्ड. काळ्या बॉम्बर तुकडीला, ४७७ व्या ग्रुपला, मार्च १९४५ मध्ये तिथे आणले. तिचा गोरा कमांडर कर्नल रॉबर्ट सेलवे. नियमाने क्लब वेगळे करता येत नाहीत ना? मग त्याने वर्णाचे नाव न घेता दोन क्लब केले : एक 'पर्यवेक्षक' अधिकाऱ्यांचा, एक 'प्रशिक्षणार्थी' अधिकाऱ्यांचा. योगायोग असा, की सगळे गोरे पर्यवेक्षक निघाले आणि सगळे काळे प्रशिक्षणार्थी. त्यांतले काही लढाईवरून आलेले, काही डॉक्टर, तरीही प्रशिक्षणार्थीच. भेदभावाला नवे, निर्मळ नाव देण्याची ही कला आपल्या वाचकांना कुठे कुठे भेटली असेल, ती यादी प्रत्येकाने आपापली करावी.

५ एप्रिल १९४५ च्या रात्री काळे अधिकारी दोघे-तिघे करून त्या 'पर्यवेक्षक' क्लबमध्ये शिरू लागले. शांतपणे, गणवेशात. पहिल्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी मिळून ६१ जणांना अटक झाली. मग सेलवेने नवा हुकूम काढला आणि प्रत्येकाला सही करायला लावली, की मी हा हुकूम वाचला आहे आणि मला तो समजला आहे. युद्धकाळात वरिष्ठाचा हुकूम नाकारण्याची शिक्षा मृत्युदंडापर्यंत जाऊ शकते, याची आठवणही करून देण्यात आली. १०१ अधिकाऱ्यांनी सही नाकारली. त्यांना अटक करून विमानाने केंटकीतल्या गॉडमन फील्डला नेले. त्यांत कोलमन यंग नावाचा एक तरुण होता, तो पुढे डेट्रॉइट शहराचा पहिला काळा महापौर झाला. हे सगळे मॉन्टगमरीच्या बस बहिष्काराच्या दहा वर्षे आधीचे आहे. रोझा पार्क्सबद्दल शाळेत शिकवतात, या १०१ जणांबद्दल नाही. कदाचित यामुळे, की गणवेशातल्या माणसाने हुकूम नाकारल्याची गोष्ट कुठल्याच सरकारला मुलांना सांगायला आवडत नाही.

वृत्तपत्रे आणि संघटना पेटल्या, वॉशिंग्टनला झळ लागली आणि १०१ जण सुटले, पण प्रत्येकाच्या नोंदवहीत ताशेरा घालून. तिघांवर धक्काबुक्कीचा खटला चालला. दोघे सुटले. रॉजर टेरी यांना दोषी धरून १५० डॉलर दंड झाला. मग लष्कराने उशिरा शहाणपण दाखवले, सेलवेला हटवून जूनमध्ये बेंजामिन डेव्हिस यांच्याकडे सूत्रे दिली. आणि फ्रीमन फील्डचे पुढे काय झाले? काळ्या तुकडीला तिथून हलवल्यानंतर त्याच उन्हाळ्यात तिथे पकडून आणलेली जर्मन विमाने अभ्यासासाठी ठेवली गेली. एका ठिकाणी जर्मन कैद्याला आत जागा, दुसऱ्या ठिकाणी जर्मन विमानाला.

त्या काळातल्या काळ्या चळवळीसमोर एक कठीण प्रश्न होता, आणि तो बाबासाहेबांसमोरही होता. आपल्याला माणूस न मानणाऱ्या राज्यासाठी लढायचे का? पहिल्या महायुद्धात डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी जुलै १९१८ मध्ये लिहिले होते, की युद्ध चालू असेपर्यंत आपली गाऱ्हाणी बाजूला ठेवू. बक्षीस काय मिळाले? १९१९ चा रक्तरंजित उन्हाळा, शहरोशहरी काळ्यांवर हल्ले, गणवेश घालणाऱ्या माजी सैनिकांना झाडाला लटकवणे. दुसऱ्या महायुद्धात चळवळ पुन्हा त्या सापळ्यात अडकली नाही. फेब्रुवारी १९४२ मध्ये 'पिट्सबर्ग कुरियर' या काळ्यांच्या वृत्तपत्राने दुहेरी विजयाची हाक दिली : बाहेर फॅसिझमवर आणि घरात वर्णभेदावर. बाबासाहेबांनीही युद्धाला पाठिंबा दिला, पण हक्कांची मागणी युद्धानंतरच्या तारखेवर ढकलली नाही. आणि युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये याच डू बॉइस यांना त्यांनी पत्र लिहिले. काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती, कारण भारतातल्या अस्पृश्यांसाठी तीच वाट तपासायची होती.

युद्ध जिंकल्यावर साउथ कॅरोलायनाने आपल्या काळ्या सैनिकांचे स्वागत कसे केले ते पाहा. १२ फेब्रुवारी १९४६. आयझॅक वुडर्ड हा सार्जंट जॉर्जियातल्या छावणीतून सेवामुक्त होऊन, अजून गणवेशातच, बसने घरी निघाला होता. लघवीला थांबण्यावरून ड्रायव्हरशी बोलाचाली झाली. बेट्सबर्ग गावात पोलिसांनी त्याला उतरवले आणि पोलीस प्रमुखाने दंडुक्याने त्याचे दोन्ही डोळे फोडले. सेवामुक्त होऊन काही तासच झाले होते. खटला चालला, सर्व गोऱ्या ज्यूरीने अर्ध्या तासाच्या आसपास विचार करून पोलीस प्रमुखाला निर्दोष सोडले.

त्या खटल्याचे न्यायाधीश वेटीज वेरिंग होते. चार्ल्सटनच्या जुन्या, गुलाममालक घराण्यातला माणूस. हा निकाल ऐकून त्याला लाज वाटली, आणि ती लाज कामाला आली. १९४७ मध्ये त्यानेच निकाल देऊन ओलिन जॉन्स्टनचा 'खासगी क्लब' मोडला आणि साउथ कॅरोलायनाच्या प्राथमिक निवडणुका काळ्यांना खुल्या केल्या. १९५१ मध्ये शाळांच्या खटल्यात त्याने वेगळा निकाल लिहून म्हटले, की वेगळे ठेवणे हीच विषमता. १९५४ चा ब्राउन खटल्याचा ऐतिहासिक निकाल या वाटेवरच उभा आहे. वेरिंगला गोऱ्या चार्ल्सटनने वाळीत टाकले, अखेर तो न्यूयॉर्कला निघून गेला. तिकडे वुडर्डच्या डोळ्यांची हकीकत ऐकून हादरलेल्या ट्रूमन यांनी २६ जुलै १९४८ ला आदेश काढून सैन्यातल्या वर्णभेदाचा शेवट जाहीर केला. १९४८ च्या निवडणुकीत काळ्यांची मते हवी होती, हेही त्यांच्या डोळ्यांपुढे होतेच.

वॉल्टरबरोचा तळ युद्ध संपल्यावर बंद झाला आणि विमानतळ पुन्हा स्थानिकांकडे आला. लष्कराने बांधलेल्या धावपट्ट्यांवर आजही शेतमालकांची, शिकाऱ्यांची छोटी विमाने उतरतात. १९९७ मध्ये तिथे टस्कीगीच्या वैमानिकांचे स्मारक झाले. २००७ मध्ये अमेरिकी काँग्रेसने या वैमानिकांना सुवर्णपदक दिले.

गौरव होऊ लागला की दंतकथाही येतात. 'या वैमानिकांनी रक्षण केलेले एकही बॉम्बर कधी पडले नाही' ही त्यांतली सर्वांत लोकप्रिय. ती खरी नाही. हवाई दलाच्याच इतिहासकारांनी नोंदी तपासून दाखवले, की त्यांच्या रक्षणाखालची २७ बॉम्बर शत्रूच्या विमानांनी पाडली. त्याच वायुसेनेतल्या इतर तशा गटांची सरासरी ४६ होती. मला विचाराल तर खरा आकडा दंतकथेपेक्षा अधिक मोलाचा आहे. दंतकथा सांगते की काळा माणूस देवासारखा अचूक असला तरच त्याला माणसाचा दर्जा द्यावा. आकडा सांगतो की तो इतरांसारखाच माणूस होता, आणि आपले काम इतरांपेक्षा चांगले करत होता. आपल्या महापुरुषांबद्दल व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या चमत्कारकथा पुढे ढकलण्याआधी आपणही हे ध्यानात घ्यावे.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत नवे सरकार आले आणि विविधताविषयक कार्यक्रम बंद करण्याचा आदेश निघाला. हवाई दलाने नव्या जवानांच्या प्रशिक्षणातून टस्कीगीच्या वैमानिकांवरची चित्रफीत काढून टाकली. ओरड झाली, काही दिवसांत ती परत ठेवावी लागली. १०१ सही न करणाऱ्यांच्या नोंदवहीतले ताशेरे पुसायला मात्र ५० वर्षे लागली होती. ऑगस्ट १९९५ मध्ये हवाई दलाने रॉजर टेरी यांची शिक्षा रद्द केली, १५० डॉलर परत करायचे ठरले. त्याच वेळी १५ जणांचे ताशेरे काढले गेले. उरलेल्यांनी अर्ज केला तर त्यांचेही काढू, असे सांगण्यात आले. त्यांतले कितीतरी तोवर अर्ज करायला हयात नव्हते.